जहाजावरचा खर्च आणि आत्याबाईंचें कार्ड

आमचें घर चंद्रपुरांत, म्हणजे झरपट आणि इरई यांच्या संगमाशीं वसलेल्या गांवांत. येथून कोणत्याहि दिशेनें निघालें तरी समुद्र शेंकडों मैल दूर. सागाचीं व बांबूचीं वनें, उन्हाळ्यांतला फुफाटा, कोळशाच्या खाणी आणि वीजकेंद्राचीं धुराडीं यांच्या सान्निध्यांत वाढलेल्या आम्हां माणसांस समुद्राची ओळख काय ती पुस्तकांतली. असें असतांहि गेल्या हिंवाळ्यांत आमच्या घरचीं आठ माणसें सिंगापुराहून निघणाऱ्या एका मोठ्या प्रवासी जहाजावर चार रात्री राहून आलीं. परत आल्यावर घरांत जो वाद झाला त्याचा विषय मात्र समुद्र नव्हता. तो वाद एका डेबिट कार्डाविषयीं झाला, आणि त्यांत दोष आमच्या पदरीं आला.

वाचकांपैकीं कित्येकांस हा विषय क्षुल्लक वाटेल. यंत्रांत कार्ड घालावें, चार आंकडे दाबावे, पैसे चुकते करावे, यांत लेख लिहिण्यासारखें काय आहे, असें कोणी म्हणेल. परंतु एकत्र कुटुंबांत पैशाचा प्रश्न नुसता पैशाचा कधींच नसतो. पैसा कोणाचा, तो कोणाच्या संमतीनें गुंतला, आणि ऐन वेळीं तो कोणाच्या कामास आला नाहीं, हे प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतातच. शिवाय अलीकडे आपल्या समाजांतील पुष्कळ कुटुंबें अशा जलप्रवासास जाऊं लागलीं आहेत; तेव्हां आमच्या अनुभवाचा उपयोग इतरांस व्हावा, या हेतूनें तो येथें सांगत आहों.

आमच्या आत्याबाई

प्रथम आत्याबाईंची ओळख करून देणें अवश्य आहे. त्या आमच्या वडिलांच्या धाकट्या भगिनी. १९८२ सालीं २६ ऑगस्ट रोजीं गडचिरोली हा चंद्रपुराहून वेगळा जिल्हा झाला, आणि पुढच्याच वर्षीं त्या धानोरा तालुक्यांत प्राथमिक शिक्षिका म्हणून रुजू झाल्या. लग्न त्यांनीं केलें नाहीं. आरंभींचीं वर्षें कठाणी नदीच्या पलीकडील खेड्यांत गेलीं. पुढें बदली झाली ती थेट भामरागडास. पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडाचा जगाशीं संबंध तुटतो, हें त्या भागांत राहिलेल्यांस सांगावयास नको. पाणी थोडें ओसरलें कीं डोंग्यांत बसून पैलतीर गांठावयाचें, तालुक्याच्या गांवीं पगार घ्यावयाचा, आणि नोटा मेणकापडांत गुंडाळून पोटाशीं बांधून परत यावयाचें, असा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम होता. त्यामुळें ‘जवळ असलेला पैसा’ आणि ‘नांवावर असलेला पैसा’ यांतील भेद त्यांना जितका कळतो तितका तो आम्हां शहरांत नोकरी केलेल्यांस कळत नाहीं.

निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर त्यांच्या हातीं बँकेचें डेबिट कार्ड आलें. त्या कार्डाचा त्यांस मोठा अभिमान. घरांतील इतर मंडळींकडे क्रेडिट कार्डें आहेत; आत्याबाईंनीं तें कधीं घेतलें नाहीं. “ज्या पैशाला अजून जन्म व्हावयाचा आहे तो मी आज कसा खर्चूं?” असें त्या म्हणत. प्रवासाचें ठरलें तेव्हां तिकिटाचा खर्च आम्हां भावांनीं केला, तो त्यांनीं मोठ्या मनानें स्वीकारला. परंतु एक अट घातली. “तिकीट तुम्हीं काढलेंत, तें मीं घेतलें. पण बोटीवरचा माझा चहा माझ्या पैशाचा.”

आगबोटीचें जुनें नातें

येथें थोडें विषयांतर करण्याची परवानगी वाचक देतीलच. समुद्रापासून इतक्या दूर असूनहि आगबोटीचें स्वप्न या जंगलांत पूर्वीं एकदां येऊन गेलेलें आहे. गेल्या शतकाच्याहि आधींच्या शतकांत, रेल्वे सर्वत्र पोंचण्यापूर्वीं, वऱ्हाडचा कापूस वर्धा, प्राणहिता व गोदावरी या नद्यांतून आगबोटींनीं थेट पूर्वकिनाऱ्यावर न्यावा, अशी योजना इंग्रज सरकारनें हातीं घेतली होती. गोदावरीवर धरण बांधणारे आर्थर कॉटन हे या कल्पनेचे पुरस्कर्ते. सिरोंचाच्या आसपास व खालच्या अंगास नदीच्या पात्रांत खडकांच्या मोठ्या रांगा आहेत. त्यांना वळसा घालून कालवे व दरवाजे बांधण्याचें काम सुरू झालें. पैसा पुष्कळ ओतला गेला. परंतु वर्षांतील कित्येक महिने नदींत पुरेसें पाणी नसे, हिंवतापानें मजूर खंगत, आणि इकडे रेल्वेचे रूळ पुढें सरकत होते. अखेर १८७१ सालीं तें काम सोडून देण्यांत आलें. आमच्या जिल्ह्याचा आणि आगबोटीचा पहिला संबंध अशा रीतीनें पैसे अडकण्याचाच आला, हें आम्हांस हा लेख लिहितांना आठवलें व हंसूं आलें.

समुद्रगमनाविषयींहि दोन शब्द. डॉक्टर आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून अमेरिकेस जावयास निघाल्या तेव्हां ब्राह्मण स्त्रीनें समुद्र ओलांडणें हें धर्मबाह्य मानलें जाई. आज आमच्या घरीं प्रश्न निघाला तो प्रायश्चित्ताचा नव्हे, तर थंडीच्या लोकरी शालीची जहाजावर गरज पडेल कीं नाहीं, एवढाच. त्या काळीं दूरच्या प्रवासास निघणारा मनुष्य पैसा नेई तो हुंडीच्या अगर सराफी पेढीच्या पत्राच्या रूपानें. पुढें १८९१ सालीं अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीनें प्रवासी धनादेश काढले. या सर्व साधनांचा एक गुण असा कीं, जेवढी रक्कम कागदावर लिहिली तेवढीच घराबाहेर पडे. घरची तिजोरी मागें सुरक्षित राही. डेबिट कार्डाची गोष्ट निराळी आहे. तें कार्ड म्हणजे तिजोरीची किल्लीच आपण बरोबर घेऊन जातों.

जहाजावरील व्यवहार

या मोठ्या जहाजांवर रोख पैशाचा व्यवहार बहुतेक नसतो. मुख्य जेवण व निवास यांचे पैसे तिकिटांत आलेले असतात. परंतु विशेष उपाहारगृहांतील पदार्थ, बाटलीबंद पेयें, फोटो, धोब्याचें काम, इंटरनेट, बंदरांवरील सहली, वैद्याची फी, आणि पुष्कळ जहाजांवर सेवकवर्गासाठीं दरडोई दररोज आकारलें जाणारें बक्षीस, हा सर्व खर्च वेगळा. त्यासाठीं प्रत्येक प्रवाशाच्या नांवें जहाजावर एक खातें उघडतात. खोलीची किल्ली म्हणून जें कार्ड मिळतें तेंच दुकानांत दाखवावयाचें; रक्कम खात्यावर चढते. शेवटच्या रात्रीं हिशेब होतो. आमच्या लहानपणीं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानांत वही असे, महिनाभर सामान आणावें व एक तारखेस पैसे द्यावे, तीच ही पद्धति समुद्रावर गेलेली आहे.

मात्र किराणावाला आमच्या आजोबांस ओळखत होता. जहाजवाला आपणांस ओळखत नाहीं. म्हणून तो चढण्याच्या वेळींच प्रवाशाचें कार्ड मागतो, आणि पुढें होणाऱ्या खर्चाच्या हमीदाखल कांहीं रक्कम त्यावर धरून ठेवतो. हे पैसे जहाजाकडे गेलेले नसतात. पण ते आपल्याहि कामाचे राहिलेले नसतात. अनामत ठेवीसारखी त्यांची स्थिति असते. खर्च वाढूं लागला कीं ही अनामत पुढेंहि वाढवितात.

आतां क्रेडिट कार्ड व डेबिट कार्ड यांतला खरा भेद लक्षांत यावा. क्रेडिट कार्डावर जी रक्कम अडते ती बँकेनें आपणांस देऊं केलेल्या उधारीच्या मर्यादेंतून अडते. घरच्या गल्ल्यास धक्का लागत नाहीं. डेबिट कार्डावर अडते ती आपल्या स्वतःच्या खात्यांतील शिल्लक. जहाजाचें अंतिम बिल झाल्यावर पुष्कळदां असें होतें कीं, बिलाची रक्कम स्वतंत्रपणें वजा होते, आणि आधीं धरून ठेवलेली रक्कम सुटण्यास आणखी कांहीं दिवस लागतात. तेवढे दिवस एकाच खर्चापायीं दोनदां पैसे गुंतलेले राहतात. म्हणूनच कांहीं जहाजकंपन्या डेबिट कार्ड घेतच नाहींत, आणि कित्येक कंपन्या घेतात तरी तें न वापरण्याचा सल्ला देतात. हा सल्ला छापलेला असतो, वाचणारा विरळा. आम्ही त्या विरळांपैकीं नव्हतों.

बंदरावरील प्रसंग

निघण्यापूर्वीं महिनाभर आत्याबाई स्वतः बँकेंत जाऊन आल्या. २०२० सालापासून रिझर्व्ह बँकेचा असा नियम आहे कीं, नवें कार्ड देतांना तें केवळ देशांतील यंत्रांवर चालेल असेंच द्यावें. परदेशांतील वापर खातेदारानें मागितल्यावरच सुरू करावा. बँकेंतील मुलीकडून ही माहिती घेऊन आत्याबाईंनीं परदेशांतील वापर सुरू करून घेतला, कार्ड देशाबाहेर चालणाऱ्या प्रकारचें आहे याची खात्री केली, आणि चार आंकडे पाठ करून टाकले. आमच्या क्रेडिट कार्डाविषयीं आम्हांस इतका विश्वास कीं, आम्हीं यांतलें कांहींच केलें नाहीं.

परिणाम सिंगापुरच्या बंदरावर दिसला. आमच्या मागें दीडएकशें माणसांची रांग, कडेवर झोंपलेलें मूल, आणि खिडकीपलीकडील तरुणीनें आमचें कार्ड परत केलें. परदेशांतील वापर बंद होता. मोबाईलवरून तो सुरू करावा तर बँकेचा सांकेतिक क्रमांक येण्यास आमच्या भ्रमणध्वनीची परदेशांतील सोय आम्हीं घेतलेली नव्हती. धाकट्या बंधूंचीहि तीच गत. आत्याबाईंनीं शांतपणें पर्स उघडली व आपलें कार्ड पुढें केलें. “घ्या, माझें चालतें.”

तिन्ही खोल्यांची नोंद त्या एका कार्डावर झाली. सहीसाठीं कागद पुढें आला तेव्हां त्यांनीं चष्मा शोधीत विचारलें, “यांत काय लिहिलें आहे रे?” आणि आम्हीं उत्तर दिलें, “नेहमीचेंच असतें. तुम्ही सही करा, मागें लोक खोळंबले आहेत.” त्यांनीं सही केली. छत्तीस वर्षें मुलांना ‘वाचल्याशिवाय अंगठा उठवूं नका’ असें शिकविणाऱ्या बाईंनीं आमच्या शब्दावर न वाचतां सही केली, हें आम्हांस त्या वेळीं खटकलें नाहीं.

चार रात्री आनंदांत गेल्या. आत्याबाई पहाटे उठून वरच्या मजल्यावर जात आणि सूर्योदय पाहात. पर्लकोटेच्या डोंग्याहून ही बोट बरी, इथें पाणी उपसावें लागत नाहीं, असें त्या नातवंडांस सांगत. मुलांनीं सरबतें घेतलीं, फोटो घेतले. आम्हीं खात्याकडे पाहिलें नाहीं. उतरतांना अंतिम बिल आत्याबाईंच्या कार्डावर वजा झालें. “घरीं गेल्यावर हिशेब करूं,” असें आम्ही म्हणालों, आणि अर्थातच तो लगेच केला नाहीं.

अडलेली रात्र

परत आल्याच्या तिसऱ्या रात्रीं थोरल्या काकाजींच्या छातींत कळ आली. आम्ही कामानिमित्त अहेरीच्या पलीकडे गेलों होतों. तेथें भ्रमणध्वनी लागत नव्हता. धाकटे बंधु पुण्यास परतले होते. आत्याबाई व काकू यांनीं काकाजींस रुग्णवाहिकेंत घालून नागपूरला नेलें. रुग्णालयानें उपचार ताबडतोब सुरू केले. त्यांस दोष देण्यास जागा नाहीं. अनामत म्हणून २५,००० रुपये मागितले. आत्याबाईंनीं कार्ड दिलें. तें चाललें नाहीं. पुन्हां दिलें, पुन्हां तेंच.

हिशेब पुढें असा लागला. सोयीसाठीं डॉलर ९० रुपयांचा धरूं. त्यांच्या बचत खात्यांत १,०५,००० रुपये होते. बाकी सर्व पुंजी मुदतठेवींत. जहाजावर चढतांना प्रत्येक खोलीमागें २०० डॉलर, म्हणजे तिन्ही खोल्यांचे ६०० डॉलर धरून ठेवण्यांत आले. त्याचे ५४,००० रुपये झाले. सर्वांचें मिळून अंतिम बिल ४१० डॉलरांचें. ते ३६,९०० रुपये वेगळे वजा झाले. दोन्ही मिळून ९०,९००. शिल्लक राहिली १४,१०० रुपये. या सगळ्यांत आत्याबाईंचा स्वतःचा खर्च होता ३८ डॉलर, म्हणजे ३,४२० रुपये!

दोन तास त्या खिडकीजवळच्या बांकावर बसून होत्या. अखेर पुण्याच्या बंधूंना जाग आली व त्यांनीं पैसे पाठविले. काकाजी सुदैवानें बरे झाले आणि आठवड्यानें घरीं आले. जहाजानें धरलेली रक्कम नवव्या दिवशीं सुटली. एक पैसाहि बुडाला नाहीं. आम्हीं तोंडभर क्षमा मागितली, आमच्या वांट्याचे पैसे त्यांच्या खात्यांत भरले, आणि प्रकरण मिटलें असें समजलों.

तें मिटलें नव्हतें. एके दिवशीं दुपारीं तांदूळ निवडतां निवडतां आत्याबाई आपण होऊन बोलल्या. “पैसे गेले नाहींत, हें मला समजतें. पण त्या मुलीनें तीनदां कार्ड यंत्रांत घातलें आणि तीनदां मान हलविली. इतकीं वर्षें नोकरी केली. कोणापुढें अशी उभी राहिलें नव्हतें. दादाला आंत नेलें होतें, आणि मी बाहेर, स्वतःचे पैसे असून, पैशांसाठीं बसलें होतें.” थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, “मीं तुला विचारलें होतें, त्या कागदावर काय आहे म्हणून.”

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आणि आजहि नाहीं.

मेंढ्याच्या लोकांची रीत

आत्याबाईंनीं ज्या धानोरा तालुक्यांत नोकरीस आरंभ केला त्याच तालुक्यांत मेंढा (लेखा) हें गोंड वस्तीचें गांव आहे. वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं या गांवाला सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ च्या एप्रिलांत बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं आला. आपल्या बांबूचा पैसा गांव आपणच हाताळूं लागलें. परंतु त्या गांवाची ख्याति केवळ बांबूमुळें झालेली नाहीं. तेथें निर्णय बहुमतानें होत नाहीं, सर्वांच्या संमतीनें होतो. एखादी गोष्ट सर्वांस उमगेपर्यंत तिची चर्चा चालते. मत मोजून कोणास गप्प बसविलें जात नाहीं.

आम्ही शिकलेलीं माणसें अशा गांवांविषयीं कौतुकानें बोलतों. परंतु घरांतील एक वडीलधारी स्त्री, जिच्या नांवचें खातें, जिचें कार्ड आणि जिची सही, तिनें विचारलेल्या साध्या प्रश्नाचें उत्तर देण्यास आम्हांस रांगेची लाज वाटली. आमच्या घरांत पदव्या सात आहेत. मेंढ्याच्या ग्रामसभेंत बसावयास त्यांतली एकहि पुरली नसती.

प्रवासास निघणाऱ्यांसाठीं

आतां अनुभवांतून जें शिकलों तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट ही कीं, तिकीट काढतांनाच जहाजाच्या खर्चाचें चलन कोणतें, डेबिट कार्ड चालतें कीं नाहीं, चढतांना किती रक्कम धरतात व ती केव्हां सोडतात, हे प्रश्न लेखी विचारावे आणि उत्तर घरांत सर्वांसमक्ष वाचावें. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या देशी जलप्रवासास निघणाऱ्यांनींहि हें विचारावें. चलन रुपयांचें असलें म्हणून अनामतीची पद्धति बदलेलच असें नाहीं.

दुसरी, घरांत क्रेडिट कार्ड असेल तर हमीसाठीं तें द्यावें, मात्र बिल आल्याबरोबर पूर्ण फेडावें; मुदत चुकली म्हणजे त्यावरील व्याज सावकारासहि लाजविणारें असतें. क्रेडिट कार्ड नको असेल तर पुष्कळ जहाजांवर रोख अनामत ठेवतां येते व उरलेली परत मिळते, त्याची चौकशी करावी.

तिसरी, डेबिट कार्डच वापरावयाचें असल्यास प्रवासापुरतें निराळें खातें उघडावें. त्यांत ठरविलेला खर्च व अनामत यांपुरती, म्हणजे साधारण दुप्पट रक्कम ठेवावी, आणि निवृत्तिवेतनाच्या अगर औषधपाण्याच्या खात्याचें कार्ड घरींच ठेवावें. तिजोरीची किल्ली नेऊं नये, पाकीट न्यावें.

चौथी, परदेशांतील वापर निघण्यापूर्वीं सुरू करावा व त्याला खर्चाची मर्यादा घालून घ्यावी. केवळ देशांत चालणारें रुपे कार्ड परदेशीं जहाजावर उपयोगीं पडत नाहीं. बाहेर चालणारा प्रकार आहे कीं नाहीं, तें बँकेंत विचारावें. भर समुद्रांत भ्रमणध्वनीची सेवा नसते, असली तर ती जहाजाच्या उपग्रहावरची व फार महाग असते. सांकेतिक क्रमांक तेथें येईल या भरंवशावर राहूं नये. परत आल्यावर परदेशांतील वापर पुन्हां बंद करावा.

पांचवी, प्रत्येक खोलीचा खर्च ज्याचा त्याच्या कार्डावर असावा. ‘तात्पुरतें’ म्हणून दुसऱ्याच्या कार्डावर टाकलेला खर्च प्रवास संपेपर्यंत तेथेंच राहतो. मुलांच्या किल्लीकार्डावर खरेदीची मुभा बंद करतां येते, ती करवावी.

सहावी, यंत्रावर ‘रुपयांत द्यावयाचे कीं तेथील चलनांत’ असा प्रश्न आला तर तेथील चलन निवडणें बहुधा स्वस्त पडतें. रुपये निवडल्यास दुकानदाराच्या बाजूचा दर लागतो, आणि तो क्वचितच आपल्या फायद्याचा असतो. आपली बँक परकीय चलनावर शेंकडा किती आकार घेते, तेंहि आधीं पाहावें.

सातवी, अखेरच्या रात्रीची वाट न पाहतां मधल्याच दिवशीं खात्याचा उतारा मागावा. चूक असेल तर जहाजावर असतांनाच ती दुरुस्त होते. अंतिम बिलाचा कागद जपून ठेवावा. धरलेली रक्कम लौकर न सुटल्यास तो बँकेंत दाखवितां येतो. बँकेनें लेखी तक्रारीस ३० दिवसांत उत्तर दिलें नाहीं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागतां येते.

आणि आठवी गोष्ट आम्हांस कोणत्याहि पत्रकांत आढळली नाहीं. घरांतल्या ज्या व्यक्तीचें कार्ड, तिला कागद वाचून दाखवावा. मागें रांग कितीहि मोठी असो.

शेवटीं

गेल्या महिन्यांत आत्याबाईंनीं आम्हांस बँकेंत बरोबर नेलें. त्यांना प्रवासापुरतें दुसरें खातें उघडावयाचें होतें. अर्जाचा कागद समोर आला तेव्हां त्यांनीं तो आमच्या हातीं दिला आणि म्हणाल्या, “वाच.” मागें चारसहा माणसें उभीं होतीं. त्यांत एट्टापल्लीकडून तेंदूपानांच्या पैशांची चौकशी करण्यास आलेला एक वृद्धहि होता. आम्हीं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अर्ज मोठ्यानें वाचला. कोठें शब्द अडला तेथें आत्याबाईंनीं अर्थ विचारला, आणि आम्हांस न आला तो खिडकींतल्या मुलीस विचारला. बाराएक मिनिटें गेलीं असतील. रांगेंतून कोणीं कुरकूर केल्याचें आमच्या कानीं आलें नाहीं. उलट आमचें झाल्यावर तो वृद्ध पुढें आला, आणि आपला कागद खिडकींत देण्याऐवजीं त्यानें तो आत्याबाईंच्या पुढें धरला.

आत्याबाईंनीं चष्मा लावला, आणि त्या दोघांचें वाचन संपेपर्यंत आम्ही बांकावर बसून राहिलों.